बाजूला पैसे जेमतेम, मग गाडीला सिरॅमिक कोटिंग करावं का?

नमस्कार ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काळी गाडी ४ वर्षांची झालीय, उन्हात उभी केली की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतात, गाडी चमकवून देणाऱ्या डिटेलिंगवाल्याने बफिंग (मशीनने रंग घासून चमकवणं) आणि वर ५ वर्षांचं सिरॅमिक कोटिंग (रंगावर लावायचा पातळ संरक्षक थर) असं पॅकेज सांगितलंय, १२ बिनव्याजी हप्त्यांत, रक्कम साधारण तुमच्या एका पगाराएवढी. गाडी २ वर्षांनी विकायचीय आणि अडीअडचणीला ठेवलेले पैसे २ महिने पुरतील एवढेच.

पॅकेज घेऊ नका. बफिंग करून घ्या, पण एकदाच आणि हलकं.

आधी हिशोबाचं बोलते. ५ वर्षांचे पैसे भरून तुम्ही वापरणार २ वर्षं, आणि कोटिंगची वॉरंटी बऱ्याचदा पुढच्या मालकाला मिळतच नाही. शिवाय दरवर्षी त्यांच्याकडेच पैसे देऊन चेकअप करायचं, एक चुकलं की वॉरंटी गेली, अशी अट बऱ्याचदा असते, ती कागदावर नीट वाचा. बिनव्याजी हप्त्याचंही तसंच, प्रोसेसिंग फी लागते का आणि रोख दिले तर किती सूट देता हे विचारा म्हणजे खरं व्याज कळेल. घरात कुणी आजारी पडलं किंवा नोकरीत काही झालं तर गाडीची चमक कामाला येणार नाही ना, २ महिन्यांचे पैसे आधी ६ महिन्यांपर्यंत न्या.

आता रंगाचं. पत्र्यावरचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो आणि त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. ऊन झेलतो तो हाच थर. बफिंगने ओरखडा "भरत" नाही, त्याच्या आजूबाजूचा थर घासून सपाट करतात, म्हणजे दर वेळी थोडी मुद्दल काढताय आणि ती परत भरता येत नाही. म्हणून "दर ६ महिन्यांनी बफिंग करा" असं डिटेलिंगवाला म्हणाला असेल तर मला ते अजिबात पटत नाही. माझ्या पहिल्या गाडीच्या बॉनेटच्या कडेला कारागिराने रोटरी मशीन (एकाच जागी गरगर फिरणारं) जरा जास्त वेळ धरलं आणि नखाएवढा भाग पार प्रायमरपर्यंत, म्हणजे रंगाखालच्या थरापर्यंत गेला, मग अख्खं बॉनेट रंगवायला लागलं.

कोटिंग वाईट नाहीये, पाणी पटकन घसरतं, धुणं सोपं होतं. पण तो थर १-२ मायक्रॉनचा, दगड उडून टवका जाणं काही त्याने थांबत नाही, त्याला पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची जाड पारदर्शक फिल्म लागते. कोटिंग ९एच कडक आहे म्हणतात ती पेन्सिलच्या कडकपणाची मोजणी आहे, दगडाची नाही. नवीन गाडी घेऊन ८-१० वर्षं ठेवणार असता आणि हातात पैसे असते तर मी हो म्हटलं असतं.

तुमच्यासाठी ड्युअल ॲक्शन मशीनने (रोटरीपेक्षा सौम्य घासणारं) एका टप्प्याचं पॉलिश, म्हणजेच ते हलकं बफिंग, आणि वर सीलंट (मेणासारखं लावायचं संरक्षक) पुरे आहे, सीलंट ४-६ महिने टिकतं, पुढच्या वेळी घरीच हाताने लावता येतं. नख अडकतं असा खोल ओरखडा तसाच राहू द्या, तो काढायला जास्त घासावं लागतं.

आणि ओरखडे मुळात येतात धुताना, म्हणून खरी बचत तिथे आहे. दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी हात खळबळायला, आधी भरपूर पाणी मारून धूळ खाली पाडा, मायक्रोफायबरचा कपडा वापरा. जमिनीवर पडलेला कपडा परत गाडीला लावू नका, त्यातला एक खडा पुरतो. कोरड्या फडक्याने रोज धूळ पुसायची सवय असेल तर ती आजच बंद करा. पक्ष्याची विष्ठा दिसली की लगेच भिजवून उचला, उन्हात ती रंगात डाग पाडते.

विकताना घेणारा आधी सर्व्हिस रेकॉर्ड, टायर आणि अपघात बघतो. चमकेमुळे गाडी लवकर विकली जाते, पण खर्च केलेले पैसे जसेच्या तसे किमतीत परत येत नाहीत.

पैसे देण्याआधी डिटेलिंगवाल्याला पेंट गेजने (रंगाची जाडी मोजायचं यंत्र) बॉनेट, छत आणि दारं मोजून दाखवायला सांगा. गेज रंगाची एकूण जाडी दाखवतं, नुसत्या क्लिअर कोटची नाही. आकडे मला पाठवा, एखादा भाग बाकीच्यांपेक्षा खूपच पातळ निघाला तर तिथे पॉलिशही नको म्हणेन.