२४ डिसेंबरला स्टॉकहोमला उतरू नका, आणि उतरलातच तर कागद हातात घेतल्याशिवाय बेल्टवरून हलू नका

तुमची पोस्ट काल रात्री वाचली. सासू-सासरे आणि दोन मुलं, मुंबईहून मधे एक विमान बदलून २४ डिसेंबरला दुपारी आर्लांडा (स्टॉकहोमचा विमानतळ), २९ ला परत. केबिन बॅगा हलक्या, जाड कपडे आणि औषधं चेक-इनमध्ये. आणि प्रश्न असा की त्याच संध्याकाळी गाम्ला स्तानमधला, म्हणजे जुन्या शहरातला नाताळ बाजार बघता येईल का. सासू-सासऱ्यांच्या जागी माझी आई घातली की ही आमची २०२२ ची सहलच होते. म्हणून जरा लांबलचक लिहिते आहे. व्हिसा, थर्मल, फॉरेक्स कार्ड याबद्दल इथे बाकीचे सांगतीलच, मी त्यात शिरत नाही.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, २४ ला संध्याकाळी बाजार बघता येणार नाही. स्तूरतोर्येत चौकातला तो बाजार २३ लाच आवरतो. स्वीडनमध्ये नाताळचा खरा सण २४ ला असतो, २५ ला नाही. दुपारी दोन-तीनपर्यंत दुकानं बंद होतात आणि माणसं घरात जातात. तीन वाजता टीव्हीवर डोनाल्ड डकचा कार्यक्रम लागतो, १९६० पासून दर वर्षी, आणि अर्धा देश तो बघत बसलेला असतो. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी परका माणूस आपल्या गावात उतरला आणि जेवायला हॉटेल शोधू लागला तर त्याचं काय होईल, तसं समजा. सण जोरात चालू असतो, पण दाराच्या आत. त्यात सूर्य दुपारी पावणेतीनच्या सुमारास मावळतो. तुम्ही विमानतळाबाहेर पडाल तेव्हा अंधारच असेल. स्कान्सेन हे खुलं संग्रहालय २४ ला बंद, जुन्या जहाजाचं वासा संग्रहालय २४ आणि २५ दोन्ही दिवस बंद.

आता आमचं काय झालं ते.

आम्ही दुपारी उतरलो. मधल्या विमानतळावर दोन विमानांत जेमतेम सव्वा तास होता. आम्ही धावत पोहोचलो, बॅगा पोहोचल्या नाहीत. तीनपैकी एकच आली, तिच्यात चिवडा, लाडू आणि भेटवस्तू होत्या. आईचा कोट, सगळ्यांचे बूट आणि आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या उरलेल्या दोन बॅगांत होत्या. गोळ्या चेक-इनमध्ये टाकणं ही माझी चूक. पॅकिंग मी केलं होतं आणि केबिन बॅगचं सात किलोचं गणित जमवताना औषधांचा डबा मी स्वतः उचलून मोठ्या बॅगेत ठेवला होता.

पण सगळ्यात महाग पडली ती पुढची गोष्ट. बेल्टजवळ सामानाच्या तक्रारीची खिडकी होती. आत एकच माणूस आणि रांगेत चाळीसेक लोक. तासाभराने नंबर लागला. त्याने बॅगेचे टॅग बघितले आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, तुम्ही घरी जा, सगळं ऑनलाइन होतं, ईमेलवर नंबर येईल. आई खुर्चीवर थकून बसली होती. आम्ही निघालो.

स्टॉकहोममध्ये उतरलो होतो त्या घरी जाऊन फॉर्म उघडला, तर पहिल्याच चौकटीत दहा अक्षरी संदर्भ क्रमांक मागितला. तो क्रमांक मिळतो फक्त त्या खिडकीवर. सामान हरवल्याची जी नोंद तिथे करतात तिला प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट म्हणतात, सगळे पीआयआर म्हणतात. त्यात पहिली तीन अक्षरं विमानतळाची, दोन विमान कंपनीची आणि मग पाच आकडे. हा क्रमांक नसेल तर त्यांच्या संगणकात तुमची बॅग हरवलेलीच नाही. ईमेल कधी आलाच नाही. २५ ला सकाळी नवरा परत आर्लांडाला गेला, पण बेल्टचा भाग कस्टमच्या आत आणि बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत. भिंतीवरच्या फोनवर कोणी उचलेना. कंपनीच्या भारतातल्या हेल्पलाइनने सांगितलं, स्टॉकहोमला विचारा. स्टॉकहोमच्या नंबरवर ध्वनिमुद्रित आवाज, ऑनलाइन फॉर्म भरा. चार दिवस हेच. तीन वर्षं झाली तरी तो गोड आवाज आठवला की संताप होतो, कारण त्या माणसाला नक्की माहीत होतं की नंबर दिल्याशिवाय पुढचं काहीही हलणार नाही. त्याला रांग संपवायची होती.

इकडे आईची २५ ची गोळी चुकली. तिकडे ११७७ नावाची आरोग्य सल्ल्याची फोन सेवा आहे, इंग्रजीत व्यवस्थित बोलतात (परदेशी सिमवरून लावायचा नंबर वेगळा आणि लांब आहे, तो निघण्याआधीच वहीत लिहून ठेवा). त्यांनी सुट्टीच्या दिवशी चालू असलेल्या दवाखान्याचा पत्ता दिला. भारतातल्या डॉक्टरची चिठ्ठी तिथलं औषधांचं दुकान मानत नाही, तिथल्याच डॉक्टरने लिहून द्यावी लागते. त्यात आईची गोळी सिल्निडिपिनची. आपल्याकडे घरोघरी असते, पण तिकडे ती वापरातच नाही, डॉक्टरीणबाईंना नाव शोधावं लागलं. त्यांनी तपासून तेवढ्या दिवसांपुरती अॅम्लोडिपिन दिली. बाई फार चांगल्या होत्या, हेही सांगायला हवं. पण परदेशी पाहुण्याला तपासणीचा पूर्ण खर्च भरावा लागतो. आणि आमच्या प्रवास विम्याने तो नाकारला, कारण रक्तदाब हा "आधीपासूनचा आजार". पॉलिसीत ते लिहिलेलं होतं, मी ते पान वाचलं नव्हतं. तुम्ही वाचा. जास्त वयाच्या माणसांसाठी आधीच्या आजारासकट मिळणारी पॉलिसी थोडी महाग असते, तरीही तीच घ्या.

कपड्यांची दुकानं २६ ला सकाळी उघडली. नाताळनंतरचा सेल त्या दिवशी सुरू होतो. तोपर्यंत दीड दिवस आई विमानातल्या स्वेटरवर आणि माझ्या शालीवर होती, म्हणजे घरातच होती. २६ ला कोट, बूट, हातमोजे सगळं घेतलं. बॅगा २८ ला रात्री दारात आल्या. आमचं परतीचं विमान २९ ला होतं.

आता पैशांचं. मी वकील नाही, प्रवास व्यवसायातही नाही, स्वतः ठेच लागल्यावर जे वाचलं तेवढंच सांगते, तुम्ही पडताळून घ्या. आंतरराष्ट्रीय विमान प्रवासाला १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू होतो, भारतही २००९ पासून त्यात आहे. सामान उशिरा आलं तर त्यामुळे झालेला रास्त खर्च कंपनीने द्यायचा असतो. त्याची कमाल मर्यादा माणशी १५१९ एसडीआर आहे (आमच्या वेळी १२८८ होती, २८ डिसेंबर २०२४ पासून वाढली). एसडीआर हे नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे, रुपयांत ही मर्यादा दीड लाखाच्या वर जाते. पण तक्रार लेखी हवी आणि बॅग हातात आल्यापासून २१ दिवसांच्या आत हवी. सामानाची मोडतोड झाली असेल तर फक्त ७ दिवस.

मी काय केलं? परत आल्यावर रोज फोन करत राहिले. प्रत्येक वेळी "नोंद घेतली आहे मॅडम". माझा समज असा की तक्रार झाली. २१ दिवस १८ जानेवारीला संपले. मी पावत्या जोडून नीट पत्र पाठवलं २७ जानेवारीला. उत्तर दोन ओळींचं आलं, विमानतळावरची नोंद नाही, मुदत टळली. विमा कंपनीनेही तेच पीआयआर मागितलं. कोट, बूट, डॉक्टर, टॅक्सी धरून पासष्ट हजारांच्या आसपास गेले. कराराच्या कलमात पीआयआर असा शब्दच नाही, लेखी तक्रार पुरते, हे मला फेब्रुवारीत कळलं. म्हणजे २४ ला रात्री घरी बसून टॅगचे फोटो लावून एक साधा ईमेल केला असता आणि बॅगा आल्यावर पुन्हा एक, तरी पुष्कळसे पैसे वाचले असते.

म्हणून कळकळीने सांगते, खिडकीवरचा माणूस काहीही म्हणो, क्रमांक घेतल्याशिवाय हलू नका. खिडकी बंद असेल तर बंद खिडकीचा फोटो वेळेसकट काढा आणि तिथूनच कंपनीला ईमेल करा. सासऱ्यांना बसवायला खुर्ची बघा, मुलांना खाऊ द्या, पण तुमच्यापैकी एकाने तिथून उठायचं नाही. बोर्डिंग पास आणि बॅगेच्या टॅगचे तुकडे परत येईपर्यंत जपा. तिथे घेतलेल्या प्रत्येक वस्तूची पावती ठेवा. बॅगेत एअरटॅगसारखा ट्रॅकर टाका. त्याने बॅग लवकर येत नाही, पण "तुमची बॅग मुंबईतच आहे" असं कोणी सांगितलं तर ती कुठे आहे हे तुम्ही दाखवू शकता.

आणि तुम्ही लिहिलं आहे की सासरे इन्सुलिन घेतात. ते चेक-इनमध्ये अजिबात नको. हरवण्याचा प्रश्न आहेच, शिवाय विमानाच्या पोटात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं. सगळं इन्सुलिन केबिनमध्ये, दोन माणसांच्या बॅगांत विभागून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून. स्टॉकहोमला बाहेर फिरतानाही पेन कोटाच्या आतल्या खिशात ठेवा, पाठीवरच्या सॅकमध्ये नको. बाकीचं त्यांच्या डॉक्टरांना विचारा, मी डॉक्टर नाही.

आता माझं स्पष्ट मत, पटलं नाही तर सोडून द्या. ज्याला आपण "युरोपातला नाताळ" म्हणतो तो स्टॉकहोममध्ये २४ च्या आधीचे तीन-चार आठवडे असतो. खिडक्याखिडक्यांत कागदाचे तारे आणि सात दिव्यांच्या समया, दर शनिवार-रविवारी स्कान्सेनचा बाजार (१९०३ पासून भरतो), आणि १३ डिसेंबरला लुसियाचा सण. पांढऱ्या झग्यातल्या मुली, एकीच्या डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट, काळोखात गात चालत येतात. आम्हाला ते बघायला मिळालं नाही. पुढच्या वर्षी मैत्रिणीने आईला मुद्दाम त्याचा व्हिडिओ पाठवला, तो ती अजून लावते. मुलांच्या शाळेची सुट्टी २४ पासून आहे हे कळतं, पण प्राथमिकच्या मुलांचे आठ दिवस बुडाले तर काय बिघडतं? ११ ते १९ डिसेंबर जा. ते जमतच नसेल तर किमान २१-२२ ला पोहोचा, म्हणजे सामान मागे राहिलं तरी दुकानं उघडी असतील आणि २३ चा बाजार मिळेल. नाहीतर सरळ २६ ला उतरा.

तिकीट बदललंच नाही तर एवढं करा. मधला थांबा तीन तासांचा घ्या. प्रत्येकाने कोट आणि बूट अंगावर घालूनच विमानात चढायचं, मुंबईच्या उकाड्यात लोक बघतील, बघू देत. २४ च्या रात्रीचं आणि २५ चं जेवण केबिन बॅगेत (थेपले, मेतकूट, उपमा-पोह्यांची पाकिटं), कारण मोठ्या किराणा दुकानांपैकी काही २५ ला उघडतात, पण तुमच्या घराजवळचं उघडेल असं धरून चालू नका. घराची किल्ली पेटीतून घ्यायची असेल तर तिचा क्रमांक आधीच मागवा, मालक त्या संध्याकाळी फोन उचलणार नाही.

शाकाहारी आहात म्हणून एक. नाताळच्या ताटात बटाट्याची एक मलईदार भाजी असते, यानसोन्स फ्रेस्तेल्से, दिसायला अगदी निर्धोक, पण आत छोटे मासे असतात. तांदळाची खीर मात्र बिनधास्त खा, वर दालचिनी घालतात, दुकानात तयार मिळते. केशराचे पिवळे पाव मुलांना आवडतील.

फुटपाथवर बर्फ दबून काचेसारखा होतो. बुटांवर चढवायचे रबरी काटे मिळतात, ब्रोददार म्हणून मागा, सासू-सासऱ्यांसाठी पहिल्याच दिवशी घ्या. आर्लांडाहून वेगवान रेल्वे १८ मिनिटांत पोहोचवते पण सहा जणांचं तिकीट झोंबतं. ५८३ नंबरची बस मेर्श्ताला जाते, तिथून लोकल. शहराच्या साध्या तिकिटात होतं, विमानतळाचा जादा आकार लागत नाही.

तिकिटं बदलायला किती पडतात ते आजच विचारा, डिसेंबर जवळ आला की आकडा वाढतो. आणि मधला विमानतळ कोणता, दोन विमानांत किती वेळ आहे आणि सगळं एकाच पीएनआरवर आहे का, ते इथे लिहा. वेगवेगळी तिकिटं असतील तर मधे बॅगा स्वतः उतरवून पुन्हा द्याव्या लागण्याची शक्यता आहे, आणि मग वर लिहिलेलं तीन तासांचं गणितही पुरणार नाही.