पहिल्यांदा फ्लीस इनला जाताना

इंग्लंडातल्या गावच्या पबमध्ये पहिल्यांदाच जेवायला जाताय ना? मग वूस्टरशरमधल्या ब्रेटफर्टनचं फ्लीस इन गाठा, तेही मेमध्येच. इथल्या ईव्हशॅम खोऱ्यातल्या ॲस्परॅगसचा पारंपरिक हंगाम २३ एप्रिल ते २१ जून, बस्स. आपल्या शतावरीच्याच कुळातली ही भाजी. लोण्यात घोळलेले कोवळे कोंब हातानेच खा. ऑगस्टमध्ये मात्र मागू नका.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
– टेबलाशी वेटरची वाट बघत बसतात. बारवर जाऊन ऑर्डर द्यायची असते.
– रविवारी बुकिंगशिवाय जातात.

दारू पीत नसाल तरी बिनधास्त जा. निघण्याआधी शेकोटीपुढच्या फरशीवरची पांढरी वर्तुळं नक्की बघा, धुराड्यातून चेटकिणी येऊ नयेत म्हणून काढलेली! १९७७ मध्ये मालकीणबाईंनी मृत्युपत्राने ही वास्तू नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेला दिली.