जळजळ नाही, तरी घसा बसलेला

प्रश्न : मॅडम, नमस्कार. वय ५४. मार्केट यार्डात गुळाचे सौदे पुकारायचं काम. घोरणं इतकं की बायको पोराच्या खोलीत जाऊन झोपायची. मागच्या वर्षी झोपेची तपासणी केली, आकडा ३८ आला आणि रात्री नाकाला लावायचं हवेचं मशीन घेतलं. घोरणं थांबलं. पण गेले दोन-अडीच महिने आवाज घोगरा झालाय. सकाळी घशात काहीतरी चिकटल्यासारखं वाटतं, सारखं खाकरावं लागतं. चार बोल्या पुकारल्या की आवाज फाटतो, व्यापारी हसायलेत. एका डॉक्टरांनी टॉर्च मारून घसा बघितला, ‘लाल आहे, अ‍ॅसिडिटी वर येतीय’ म्हणाले आणि गोळी दिली. मला छातीत जळजळ कधीच नाही. तांबडा रस्सा वाटीवर वाटी पचतो. मग अ‍ॅसिडिटी कुठनं आली? मित्र म्हणतो, मशीनच्या वाऱ्यानंच घसा बसलाय, बंद कर. करू का? रात्री नऊ-साडेनऊला जेवण होतं, पहाटे यार्डात जायचं म्हणून दहाला आडवा होतो. झोपताना गंगावेशीतलं धारोष्ण (न तापवलेलं) दूध पितो, त्यानं थंड वाटतं. तंबाखू सोडून पाच वर्षं झाली.
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : मशीन बंद करू नका. हे आधी, बाकीचं नंतर. ३८ म्हणजे झोपेत दर तासाला सरासरी ३८ वेळा तुमचा श्वास पूर्ण थांबत होता किंवा अर्धवट अडत होता, आणि दर वेळी किमान दहा सेकंद. ३०च्या वर गेलं की हा झोपेतल्या श्वास-अडथळ्याचा आजार (स्लीप अ‍ॅप्निया) तीव्र समजतात. रक्तदाब आणि हृदय यांच्याशी त्याचा थेट संबंध आहे. तुमच्या मित्रानं तो रिपोर्ट वाचलेला नसावा.

दुसरं, टॉर्चनं दिसते ती पडजीभ आणि तिच्यामागची भिंत. स्वरयंत्र त्याच्या बरंच खाली असतं, टॉर्चनं दिसतच नाही. घसा लाल दिसला म्हणून अ‍ॅसिडिटी, हा हिशेब मला पटत नाही. वर्षानुवर्षं घोरून घशाची कंपनं झाली की तो लाल होतो, तोंड उघडं ठेवून झोपलं की होतो, तंबाखूनं होतो, ऊस गाळपाच्या दिवसांतल्या धुरानंही होतो. आवाज चार आठवड्यांपेक्षा जास्त दिवस घोगरा असेल तर दुर्बिणीतून स्वरतंतू पाहायचेच. तुमचं काम ओरडण्याचं, त्यामुळे तंतूंवर बारीक गाठी आल्या असतील तर त्याही त्यात दिसतील. तंबाखू सोडलीत, उत्तम केलंत, पण आधी खाल्लेली असल्यामुळे तुम्हाला या तपासणीतून सूट नाही. नाकातून बारीक नळी घालून ओपीडीतच होते, भूल लागत नाही, पाच-दहा मिनिटांचं काम. गिळताना अडकणं, थुंकीत रक्त, एकाच कानात ठणका, मानेत गाठ किंवा आपोआप उतरणारं वजन यातलं काही असेल तर याच आठवड्यात जा.

आता जळजळीशिवाय अ‍ॅसिडिटी कशी, ते. अन्ननलिकेचं अस्तर आम्ल बऱ्यापैकी सोसतं. वर आलेलं आम्ल ती गिळण्याच्या हालचालीनं परत खाली ढकलते, लाळही त्याला सौम्य करते. स्वरयंत्राकडे यातलं संरक्षण फारसं नाही. अन्ननलिकेला ज्याचं काहीच वाटत नाही, एवढ्याशा ओघळानं तिथं सूज येते. शिवाय त्या ओघळात नुसतं आम्ल नसतं, पेप्सिन हे प्रथिनं पचवणारं द्रव्यही असतं. ते तिथल्या पेशींत टिकून राहतं आणि पुन्हा आम्ल आलं की कामाला लागतं. म्हणून खाकरणं, आवाज बसणं, घशात गोळा असल्याची भावना, कोरडा खोकला ही लक्षणं असलेले बरेच लोक ‘मला पित्ताचा त्रास नाही’ असं शपथेवर सांगतात.

झोपेतल्या श्वास-अडथळ्याचा यात हात असा : घसा मिटलेला असतो, पण छाती श्वास ओढायचा जोर करतच राहते. छातीच्या पोकळीत त्यामुळे जोरदार ओढ तयार होते, आणि पिचकारीचं तोंड बोटानं दाबून दांडा मागं ओढावा तसं पोटातलं वर खेचलं जातं. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, गिळणंही कमी होतं, त्यामुळे वर आलेलं लवकर साफ होत नाही. मात्र सगळा दोष या ओढीवर टाकायला संशोधक तयार नाहीत. पोटाचा घेर हे दोन्ही आजारांचं सामाईक कारण आहे आणि कुणामुळे काय, याचा वाद अजून मिटलेला नाही.

मशीन या भांडणात तुमच्या बाजूनं आहे. सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हान यांनी १९८१ साली ही पद्धत प्रसिद्ध केली, ती घसा हवेच्या दाबानं उघडा ठेवण्यासाठी. पण घसा मिटला नाही की ती ओढही होत नाही, आणि मशीन नीट वापरणाऱ्या अनेकांत पित्त वर येणं कमी झाल्याचं आढळलंय. तरी मशीनचे दोन उपद्रव खरे आहेत. झोपेत तोंड उघडत असेल तर हवा तिथून निसटते आणि सकाळी घसा वाळून कडक होतो. मशीनला ह्युमिडिफायर (हवा दमट करणारं भांडं) आहे का बघा, त्यात डिस्टिल्ड पाणी भरा, मास्क बदलून मिळतो का विचारा. दुसरा म्हणजे हवा पोटात जाणं. सकाळी पोट तट्ट फुगतंय, ढेकरा येतायत, तर ती हवा जठर ताणून पित्त वर लोटू शकते. अशा वेळी दाब कमी-जास्त करून घ्यायचा. मशीनमध्ये रोजच्या वापराची नोंद असते, ती दाखवली की तज्ज्ञांना लगेच कळतं. स्वतः बटणं दाबत बसू नका.

जेवणाबद्दल. कोल्हापुरात राहून तांबडा रस्सा सोडा असं सांगणारा डॉक्टर इथं टिकायचा नाही, आणि माझा मुख्य आक्षेप तिखटावर नाहीही. आक्षेप आहे नऊ-साडेनऊच्या जेवणावर आणि दहाला आडवं होण्यावर. भरल्या पोटी झोपलात तर फिकी खिचडीही वर येईल. जेवण आणि झोप यात तीन तास ठेवा. पहाटे उठून यार्डात जायचं असतं, मान्य. मग सातच्या आत जेवा आणि मटण रविवारी दुपारी हाणा, रात्री नको. दूध थंड वाटतं ते तेवढ्यापुरतं. प्रथिनं पोटात गेली की थोड्या वेळानं आम्ल वाढतं, आणि तुम्ही ते नेमकं झोपायच्या तोंडावर पिताय. संध्याकाळी प्या, तेही तापवून. (धारोष्ण दुधाची कौतुकं मला ठाऊक आहेत. ब्रुसेला आणि क्षयाचे जंतूही ठाऊक आहेत.) बसणं होत असेल तर तेही रात्रीचं टाळा, दारूनं घशाचे स्नायू आणि जठराच्या तोंडाची झडप दोन्ही सैल पडतात.

पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली सहा ते आठ इंचांचे लाकडी ठोकळे घाला. विटा कोपऱ्यातून झिजतात, पलंग डुगडुगतो. उशीवर उशी रचू नका, त्यानं मान मुडपते आणि पोट दाबलं जातं. डाव्या कुशीवर झोपा. त्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहतं, शिवाय उताणं नसलात की घसाही कमी मिटतो. एका सवयीत दोन्ही कामं होतात.

गोळी तुम्ही बहुधा नाष्टा झाल्यावर घेताय. पॅन्टोप्रॅझोल जातीची गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची असते. तरीही भाबडी आशा नको : २०२१ साली ब्रिटनमधल्या ३४६ रुग्णांच्या एका चाचणीत घशाच्या अशा तक्रारींवर १६ आठवडे लॅन्सोप्रॅझोल (याच जातीचं औषध) देऊन पाहिलं, आणि ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. ती वर्षानुवर्षं चालू ठेवण्यात अर्थ नाही. जेवणानंतर आणि झोपताना घ्यायचं अल्जिनेटचं पातळ औषध काहींना बरं पडतं, तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि खाकरणं आवरा. दर खाकरण्यात स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. त्याऐवजी एक घोट पाणी गिळा.

प्रश्न : माझे मिस्टर रात्री दोन-अडीचला ताडकन उठून बसतात. श्वास आत जात नाही, घशातून शिट्टीसारखा आवाज येतो, मिनिटभरात सगळं मोकळं. घोरतातही. दमा असेल का?
— शिक्षिका, राजारामपुरी

उत्तर : दम्याची शिट्टी बहुतेक श्वास सोडताना येते आणि दमा मिनिटात शांत होत नाही. श्वास घेताना आवाज आणि पटकन सुटका, हे वर्णन स्वरतंतू एकदम आवळून मिटण्याचं वाटतं. आम्लाचे चार थेंब तिथं पोचले तरी तसं होऊ शकतं. अशा वेळी ताठ बसवा, नाकानं हळू श्वास घ्यायला आणि ओठ चिमटून सोडायला सांगा. तोंडात पाणी ओतू नका. घोरतात म्हणताय, तर झोपेची तपासणी करून घ्या. मात्र छातीवर दडपण, घाम किंवा पायांना सूज असं काही सोबत असेल, तर घशाचं नंतर बघू, आधी ईसीजी काढा.