डाव्या हाताचं लग्न : डॅनिश राजांबद्दल लिहिताना कोणता शब्द वापरावा?

डेन्मार्कच्या इतिहासावरचा मजकूर मराठीत आणणाऱ्या एका अनुवादक ताईंनी विचारलंय : "राजा चौथा फ्रेडरिक याने १७१२ मध्ये एका सरदारकन्येशी 'डाव्या हाताने' लग्न केलं, असं मूळ मजकुरात आहे. तसंच ठेवलं तर वाचकाला 'डाव्या हातचा मळ' आठवेल आणि लग्न घाईत उरकलं असं वाटेल. आमचे संपादक 'गांधर्व विवाह' सुचवतात. एक सहकारी म्हणतो, सरळ 'अंगवस्त्र' लिहा. आणि खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेच्या बायकोलाही तोच शब्द चालेल का?"

ताई, तसंच ठेवा. "डाव्या हाताचा विवाह" लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात उलगडून सांगा. बाकीचे पर्याय का टिकत नाहीत ते सांगतो. टायकोसाठी मात्र हा शब्द वापरू नका. ते प्रकरणच निराळं आहे.

डॅनिशमध्ये या विवाहाला 'टिल व्हेन्स्ट्रे हॉन' म्हणतात, म्हणजे डाव्या हाताशी. ('हॉन'च्या शेवटी लिहिताना 'ड' असतो, बोलताना तो गिळतात.) लग्नात नवरा उजवा हात पुढे करतो, इथे तो डावा करायचा. हात बदलला की करार बदलला. बायको कायदेशीर, मुलं औरस, पण तिला नवऱ्याचा दर्जा नाही आणि मुलांना गादी नाही. युरोपात इतरत्र याला 'मॉर्गनॅटिक' म्हणतात. तो शब्द लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने बायकोला द्यायच्या भेटीवरून आला, डॅनिशमध्ये 'मोर्गेनगावे'. मतलब असा की बाईचा हक्क त्या भेटीपुरता, राज्यात काही नाही. आपल्या स्त्रीधनाशी याचं लांबचं नातं लावता येईल, पण स्त्रीधन माहेरूनही येतं आणि त्याने बायकोचा दर्जा उणा होत नाही. 'मॉर्गनॅटिक' देवनागरीत लिहायला हरकत नाही, फक्त त्यातून मराठी वाचकाला काहीच कळणार नाही.

आता चौथ्या फ्रेडरिकचं प्रकरण, कारण शब्दाची खरी परीक्षा तिथेच होते. राणी लुईझ हयात होती. राजाने त्याआधी १७०३ मध्ये एलिझाबेथ हेलेने फॉन फिरेग हिच्याशी डाव्या हाताने लग्न केलेलं होतं आणि ती पुढच्याच वर्षी बाळंतपणात गेली. मग १७११ मध्ये कोल्डिंगच्या वाड्यात मुखवट्यांच्या नाचात त्याला आना सोफी रेव्हेंटलो दिसली. तिचे दिवंगत वडील राज्याचे महाचांसलर होते, म्हणजे घराणं काही ऐरंगैरं नव्हतं. आईची संमती मिळेना. तेव्हा १७१२ च्या जूनमध्ये राजाने जटलंडमधल्या क्लाउसहोल्मच्या वाड्यातून तिला पळवून नेलं आणि स्कांदरबोर्गला डाव्या हाताचं लग्न लावलं. ती एकोणीस वर्षांची होती. तिला श्लेसविगची डचेस केलं.

इथवर "गांधर्व विवाह" खपून जाईल, पळवून नेल्यामुळे "राक्षस विवाह"सुद्धा. पण पुढे वाचा. राणी लुईझ १५ मार्च १७२१ ला वारली. तिला रोस्किल्डच्या कॅथेड्रलमध्ये पुरलं आणि ४ एप्रिलला, म्हणजे मरणाला तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, राजाने आना सोफीशी पुन्हा लग्न केलं. या वेळी उजव्या हाताने. मे महिन्यात फ्रेडरिक्सबोर्गच्या चॅपेलमध्ये तिला राणी म्हणून अभिषेक झाला. राजाची सख्खी भावंडं, प्रिन्स कार्ल आणि प्रिन्सेस सोफी हेडविग, चिडून दरबार सोडून व्हेमेटोफ्टेला जाऊन राहिली.

म्हणजे लग्नाला जवळजवळ नऊ वर्षं झालेल्या बायकोशी त्याच नवऱ्याने दुसऱ्यांदा लग्न लावलं. आधी "गांधर्व विवाह" लिहिला असेल तर हे दुसरं लग्न कशाला, असं वाचक विचारणार. "अंगवस्त्र" लिहिलं असेल तर १७२१ हे पहिलंच लग्न ठरेल, आणि ते चूक आहे. "डावा हात" राखला तर १७२१ चं वाक्य आपोआप जुळतं : डाव्या हाताची बायको उजव्या हाताची झाली. माझ्या मते एवढं एक कारण पुरे आहे.

वर मराठीची एक मेहेरबानी आहेच. आपण मुलगी "उजवतो", तिचं लग्न लावून देतो. "डावं-उजवं करणं" म्हणजे भेदभाव, आणि "डावलणं" म्हणजे बाजूला सारणं. डाव्या हाताच्या लग्नात नेमकं हेच घडतं. त्यामुळे हा प्रयोग मराठी कानाला उपरा वाटत नाही. "डाव्या हातचा मळ" हा वाक्प्रचार ठरलेल्या तीन शब्दांतच चालतो, विवाहाशेजारी तो कुणाला आठवणार नाही. एक अडचण मात्र खरी आहे. आपल्याकडे बायको डावीकडेच असते, तिला वामांगी म्हणतात, आणि चित्रांत रखुमाईही विठ्ठलाच्या डाव्या हातालाच असते. म्हणून "डावीकडची बायको" असं चुकूनही लिहू नका, तिथे अर्थ उलटा होईल. "हात" हा शब्द हवाच.

आता बाकीचे पर्याय. गांधर्व विवाहात भटजी नसतो, साक्षीदार नसतात, दोघांची मर्जी पुरते. लूथरपंथी डेन्मार्कमध्ये याच्या उलट होतं. १५३६ मध्ये राज्याने लूथरचा पंथ स्वीकारला आणि १५८२ च्या विवाहविषयक अध्यादेशाने वाङ्निश्चयसुद्धा पाळकासमोर, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूसमोर, साक्षीदारांदेखत व्हावा असं ठरवलं. गुपचूप लग्नं बंद पाडायची म्हणूनच तो खटाटोप होता. राजाचं डाव्या हाताचं लग्न याच चौकटीत बसवायचं होतं, बाहेर नव्हे. पहिली बायको जिवंत असताना दुसरी करणं प्रजेसाठी गुन्हा होता. पण १६६५ च्या राजकायद्याने डेन्मार्कचा राजा माणसाने केलेल्या सगळ्या कायद्यांच्या वर गेला होता. त्याच्यावर बंधन उरलं ते ऑग्सबर्गच्या धर्मघोषणेचं (लूथरपंथाच्या मूळ मतपत्राचं), राज्य अखंड ठेवण्याचं आणि स्वतःची सत्ता कमी न करण्याचं. लूथरने स्वतः १५३९ मध्ये हेसेच्या फिलिप या जर्मन राज्यकर्त्याला दुसऱ्या लग्नाची गुपचूप मुभा दिली होती, हा दाखला जर्मन आणि डॅनिश दरबारांना चांगलाच ठाऊक होता.

(हाच चौथा फ्रेडरिक, ज्याने पाठवलेले त्सीगेनबाल्ग आणि प्ल्युटशाऊ हे दोन धर्मप्रसारक १७०६ मध्ये तरंगमबाडीला पोचले. ही डॅनिश वखार तंजावरच्या राज्याला लागून होती आणि तेव्हा तिथे शहाजी भोसले राज्य करत होते. घरी दोन बायका आणि बाहेर धर्मप्रसार, राजाला यात विसंगती वाटल्याचं दिसत नाही.)

तंजावरवरून आठवलं. "खांडा लग्न" सुचवायचा मोह मलाही होतो. तंजावरच्या भोसल्यांकडे याला "कत्ती कल्याणम्" म्हणत. नवऱ्याऐवजी त्याची तलवार लग्नाला यायची आणि अशा राण्या पट्टराण्यांच्या खाली गणल्या जायच्या. १८५५ मध्ये वारलेल्या शिवाजीराजांच्या अशा राण्यांच्या मुलांचा वारसाहक्क हा वाद पुढे मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेला. दर्जाच्या हिशोबाने हे डाव्या हाताच्या लग्नाच्या सगळ्यात जवळचं. पण तिथे नवरा गैरहजर असतो, इथे तो समोर उभा राहून मुद्दाम दुसरा हात पुढे करतो. कोपनहेगनच्या राजवाड्यात तलवार घुसवू नका.

"पाट" हाही असाच अर्धा जुळणारा. लग्नाची बायको आणि पाटाची बायको असे दोन दर्जे, दोघी हक्काच्या. पण पाट लागतो तो बाईचं आधी लग्न झालेलं असतं म्हणून, तिचं घराणं हलकं म्हणून नव्हे. शिवाय पाटाची संतती वारस ठरत असे, डाव्या हाताची नाही.

"अंगवस्त्र", "नाटकशाळा", "राख" या शब्दांवर जरा जास्त बोलतो, कारण चूक बहुधा इथेच होते. डॅनिश दरबारात ठेवलेल्या बायका होत्या आणि त्यांची सोय वेगळी होती. चौथ्या क्रिस्टियानचं (राज्यकाल १५८८ ते १६४८) घर पाहा, सगळे प्रकार एकाच छपराखाली सापडतील. पट्टराणी आना काथरीना १६१२ मध्ये वारली. तिचा मुलगा तिसरा फ्रेडरिक पुढे राजा झाला. १६१५ च्या शेवटच्या दिवशी राजाने किर्स्टन मुंकशी डाव्या हाताने लग्न केलं. ती जुन्या खानदानातली होती आणि तिची आई एलेन मार्सविन देशातल्या मोठ्या जमीनदारांपैकी एक होती. ('मार्सविन' म्हणजे डॉल्फिनसारखा एक समुद्री प्राणी. डॅनिश सरदारांची आडनावं अशीच.) मुलगी नुसती ठेवून घ्यायला आईने दिली नाही, सौदा पक्का करून घेतला. किर्स्टन राणी झाली नाही. १६२७ मध्ये तिला श्लेसविग-होल्स्टाइनची काउंटेस केलं आणि मुलंही त्याच पदवीची. १६२९ मध्ये एका घोडदळ अधिकाऱ्यावरून राजाचा तिच्यावर संशय बसला, धाकट्या मुलीला त्याने आपली मानायला नकार दिला आणि संसार मोडला. मग किर्स्टनचीच दासी विबेके क्रुझे राजाजवळ आली. विबेकेच्या मुलांना आडनाव मिळालं ग्युल्डेनल्योवे, म्हणजे सोन्याचा सिंह.

हे आडनाव पुढे राजांच्या अनौरस मुलांचा शिक्काच झालं. पाचव्या क्रिस्टियानने सोफी आमालिए मोथ हिला १६७७ मध्ये साम्सोची काउंटेस केलं, पण लग्न नाही, म्हणून तिची मुलं ग्युल्डेनल्योवे. आपल्याकडच्या "लेकावळा", "कडू", "अक्करमाशी" या शब्दांना शिवीची धार आहे. ग्युल्डेनल्योवेला नव्हती. त्यातले लोक सेनापती झाले, नॉर्वेचे राज्यपाल झाले. म्हणून त्या आडनावाचं भाषांतर करू नका, तसंच ठेवा.

किर्स्टनच्या मुलांना मात्र ग्युल्डेनल्योवे म्हणणं हा त्यांचा अपमान ठरला असता. आम्ही धर्माच्या लग्नाची मुलं, हा त्यांचा हेका होता, आणि डेन्मार्कच्या राजकारणात त्याची किंमत मोठी ठरली. चौथ्या क्रिस्टियानने या मुली बड्या सरदारांना दिल्या. ते जावई सत्तेच्या जागांवर बसले आणि इतिहासात "जावयांचा पक्ष" म्हणूनच ओळखले गेले. त्यांचा म्होरक्या कॉर्फिट्झ उल्फेल्ट. त्याची बायको लिओनोरा क्रिस्टिना स्वतःला राजकन्या समजायची आणि तिसऱ्या फ्रेडरिकची राणी सोफी आमालिए हिला ते खुपायचं. उल्फेल्ट शत्रूला, स्वीडनला, मिळाला आणि १६६३ मध्ये लिओनोराला कोपनहेगनच्या निळ्या बुरुजात डांबलं. ती सुटली १६८५ मध्ये, ती राणी मेल्यावरच. जवळजवळ बावीस वर्षं. तिथे साखर बांधून आलेल्या कागदांवरही ती लिहायची. तिच्या आठवणी १८६९ मध्ये छापल्या गेल्या आणि डॅनिश गद्यात आजही त्यांचं स्थान पहिल्या रांगेतलं आहे. अशा बाईच्या आईला "अंगवस्त्र" लिहिलं की तिचं अख्खं भांडणच वाचकाला कळेनासं होईल.

राहिला टायको ब्राहे. तो बड्या सरदारघराण्यातला, किर्स्टन योर्गेन्सडाटर सामान्य घरातली. हात डावा की उजवा हा प्रश्नच तिथे नव्हता, कारण समारंभ झालेला नव्हता. जटलंडच्या १२४१ च्या कायद्यानुसार एखादी बाई तीन हिवाळे पुरुषाच्या घरात उघडपणे राहिली, त्याच्याबरोबर जेवली-खाल्ली, निजली आणि कुलूप-किल्ल्या तिच्या ताब्यात असल्या, तर ती त्याची धर्मपत्नी ठरे. अशा बाईला तीन हिवाळे पुरे होण्याआधी 'स्लेगफ्रेड' म्हणत. म्हणजे किर्स्टन कायद्याने बायको होती, पण तिला ब्राहे हे नाव नाही, ढाल-चिन्ह नाही, आणि मुलं सामान्यच. लूथरपंथी चर्चचा हिशोब निराळा. १५९७ मध्ये, टायको जिथे राहायचा त्या ह्वेन बेटाच्या पाळकावर ठपके ठेवले गेले, त्यातला एक असा : टायको वर्षानुवर्षं प्रभुभोजनाला येत नाही, ठेवलेल्या बाईबरोबर राहतो, तरी तुम्ही त्याची कानउघाडणी केली नाही. एकच बाई, जुन्या कायद्याला बायको आणि पाळकांच्या वरिष्ठांना रखेल. त्याच वर्षी टायकोने देश सोडला. तिच्यासाठी "किल्ल्यांची बायको" असा शब्द घडवायचा मोह होतो, पण तुम्ही सरळ "रूढीने पत्नी" लिहा.

पदव्यांचं थोडक्यात : आना सोफीला १७२१ पर्यंत "डचेस", नंतर "राणी". किर्स्टन मुंकला "राणी" कधीच नाही. काउंट आणि बॅरन या पदव्या डॅनिश सरदारांना १६७१ पासून मिळू लागल्या, म्हणून त्याआधीच्या साध्या सरदाराला "काउंट" लावू नका, "सरदार" किंवा "उमराव" पुरे. वाक्यरचना "राजाने तिच्याशी डाव्या हाताने लग्न केलं" अशी ठेवलीत तरी चालेल. मला नाम बरं वाटतं : "डाव्या हाताचा विवाह". तुमचा मजकूर १८५० पर्यंत जाणार असेल तर हेच नाम सातव्या फ्रेडरिकलाही लागू पडेल. त्याने पूर्वी बॅलेत नाचणाऱ्या लुईझ रासमुसेनशी लग्न केलं. तिला काउंटेस डॅनर केलं, राणी नाही.