आफ्रिकेतल्या ख्रिश्चनांना आपल्या माणसापेक्षा गोरा धर्मगुरू मोठा का वाटतो?

सगळ्यांना वाटत नाही, पण जिथे वाटतं तिथे ती सवय लावली गेली आहे, हे आधी समजून घ्या.

सॅम्युअल अजायी क्राउदर यांचंच बघा. आजच्या नायजेरियातल्या योरुबा समाजातला मुलगा, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, 1822 मध्ये ब्रिटिश नौदलाने सोडवला. 1864 मध्ये ते अँग्लिकन चर्चचे पहिले आफ्रिकन बिशप झाले. योरुबा बायबलमागे त्यांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. आणि 1890 मध्ये नायजेरियातल्या ओनित्शा गावी मिशनच्या समितीची बैठक झाली, तिथे काय झालं? इंग्लंडहून नुकतेच आलेले तरुण मिशनरी या ऐंशीच्या घरातल्या बिशपसमोर त्यांच्याच पाद्र्यांना निलंबित करत होते! अध्यक्षस्थानी क्राउदरच होते, तरी त्यांचं काही चाललं नाही. त्यांनी समितीचा राजीनामा दिला. पुढच्या वर्षी ते वारले आणि त्यांच्या जागी गोरा बिशप नेमला गेला.

आपला माणूस कितीही शिकला तरी वरची खुर्ची त्याची नाही, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. असं पिढ्यान्‌पिढ्या पाहिल्यावर मनात काय रुजणार? मला तरी यात श्रद्धाळूंचा दोष दिसत नाही.

पण लोक गप्पही बसले नाहीत. 1892 मध्येच नायजेरियातल्याच नायजर डेल्टातल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी मिशनपासून फारकत घेऊन स्वतःचा कारभार सुरू केला. काँगोत सिमोन किंबांगू या आफ्रिकन धर्मोपदेशकाला 1921 मध्ये बेल्जियन सरकारने तुरुंगात टाकलं. ते 1951 मध्ये तिथेच वारले, पण त्यांच्या नावाचं चर्च आज लाखोंचं आहे.