जवळून मारलेला ग्रेनेड फुटत नाही, तो बग नाही

तुम्ही विचारलंय की 'कॉल ऑफ ड्यूटी ४: मॉडर्न वॉरफेअर' या व्हिडिओ गेममध्ये एम१६ रायफलला ग्रेनेड लाँचर लावून दारातल्या माणसाच्या पायाशी ग्रेनेड मारला, तो टणकन आपटला आणि फुटलाच नाही, हा बग, म्हणजे गेममधली चूक, आहे का? आणि लांबचा नेम कसा धरायचा?

बग नाही. हा लाँचर म्हणजे एम२०३, रायफलच्या नळीखाली बसणारा. खऱ्या एम२०३ चंही असंच आहे. ४० मिमीचा ग्रेनेड नळीतल्या आट्यांमुळे स्वतःभोवती फिरत बाहेर पडतो आणि त्या फिरण्यामुळेच आतला फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणारा भाग, सज्ज होतो. नेहमीच्या एम४०६ ग्रेनेडला त्यासाठी साधारण १४ ते २७ मीटर अंतर कापावं लागतं. त्याआधी कशावर आदळला तर तो फुटत नाही, नाहीतर मारणाराच त्यात सापडला असता. गेममध्ये हीच गोष्ट उचलली आहे. न फुटलेला ग्रेनेड थेट अंगावर बसला तरी समोरचा मरतो हे खरं, पण त्या भरवशावर राहू नका. एकाच खोलीत असाल तर रायफलच वापरा.

आता नेम. एम१६ ची गोळी सेकंदाला ९०० मीटरहून जास्त वेगाने जाते, एम२०३ चा ग्रेनेड फक्त ७६ मीटरने. म्हणजे १५० मीटरवर पोहोचायला त्याला दोन सेकंद लागतात, तेही कमान करून. पळणारा माणूस तेवढ्यात सहज दहा मीटर पुढे गेलेला असतो. गेममध्ये अंतरं कमी आहेत, पण हिशोब तोच. म्हणून मी नव्या खेळाडूंना नेहमी सांगतो, माणसावर मारू नका, जागेवर मारा.

गेममधल्या 'क्रॅश' या मॅपवरची, म्हणजे लढाईच्या मैदानावरची, तीन मजली इमारत घ्या. वरच्या खिडकीत कुणीतरी हमखास बसलेला असतो. बहुतेक जण त्याच्या डोक्यावर नेम धरतात. तो खाली वाकतो, ग्रेनेड त्याच्या वरून निघून जातो. तुम्ही खिडकीच्या वरच्या कडेच्या जरा खाली नेम धरा, म्हणजे ग्रेनेड आत शिरून मागच्या भिंतीवर फुटेल. तो वाकलेला असो वा उभा, स्फोट त्याच्या पाठीमागेच होतो. उघड्यावर असेल तर पायाजवळची जमीन किंवा मागची भिंत पकडा. समोरच्याने जगरनॉट हा पर्क (खेळाडूने आधी निवडलेली खास क्षमता) घेतला असेल तर स्फोट जवळ होऊनही तो वाचू शकतो, म्हणून ग्रेनेड मारला की लगेच रायफलवर या.

एक ग्रेनेड मारला की पुन्हा भरावं लागतं, आणि भरताना तुमच्या हातात काहीच नसतं. आधी आडोसा, मग भरणं. उघड्यावर ग्रेनेड भरताना मेलेले इतके खेळाडू मी पाहिलेत की ही सवय मला नेमापेक्षाही महत्त्वाची वाटते.

लाँचर लावला की पहिल्या पर्कची जागा जाते, आणि एका आयुष्यात ग्रेनेड मिळतात दोनच. ही किंमत मला अगदी योग्य वाटते. दोनच असल्यामुळे प्रत्येक ग्रेनेडचा विचार करावा लागतो. २००९ च्या 'मॉडर्न वॉरफेअर २'मध्ये वन मॅन आर्मी पर्क घेऊन ग्रेनेड पुन्हा पुन्हा भरता यायचे, वर डेंजर क्लोजमुळे स्फोट आणखी जबर. एका कोपऱ्यात बसून अख्खा मॅच तेवढंच करणारे लोक असायचे आणि समोरच्यांचा खेळच संपायचा. लाँचरला 'नूब ट्यूब', म्हणजे नवशिक्यांची नळी, हे हिणवणारं नाव आधीपासून होतं, पण त्यातला राग तेव्हा खरा वाढला. चूक हत्याराची नव्हती, मर्यादा काढून टाकण्याची होती. त्यामुळे कुणी नावं ठेवली म्हणून लाँचर सोडू नका. फक्त राउंड सुरू होताच न बघता समोरच्या टीमच्या वाटेवर भिरकावू नका. लागला तरी त्यातून तुम्ही काही शिकत नाही.

सरावासाठी एकट्याने प्रायव्हेट मॅच उघडा, 'क्रॅश'च घ्या आणि एकच खिडकी निवडा. आधी जवळून, मग रस्त्याच्या पलीकडून, मग पडलेल्या हेलिकॉप्टरच्या मागून. दर वेळी नेम किती वर न्यावा लागला ते लक्षात ठेवा. ती एक खिडकी तिन्ही जागांवरून लागायला लागली की दुसरी घ्या.