टप्पा पडलेला कॅच

प्रिय पोरा,

रविवारी रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला. "सर, प्रेक्षक सगळ्यात जास्त मान कुठल्या खेळाडूला देतात? रन्स काढणाऱ्याला, विकेट काढणाऱ्याला, की ज्याचे फॉलोअर्स जास्त त्याला?" खाली बॅटचं चित्र आणि एक दात काढलेला चेहरा. मी जागाच होतो, या वयात झोप हप्त्याहप्त्यानं येते. पण फोनवर बोट आपटून एवढं लिहिणं मला जमायचं नाही, म्हणून हे पत्र. कागद बँकेच्या जुन्या रजिस्टरातले आहेत, रकान्यांकडे लक्ष देऊ नकोस.

तू प्रेमाबद्दल विचारलं असतंस तर एका ओळीत सुटलो असतो. षटकार मारणाऱ्यावर लोक प्रेम करतात, आणि दोन भोपळ्यांनंतर विसरतात. मानाचा हिशोब मात्र मला बरीच वर्षं लागला नव्हता. माझी तर सुरुवातच शिव्या देण्यापासून झाली. तेच आधी सांगतो.

१९८० चा फेब्रुवारी. क्रिकेट बोर्डाच्या सुवर्णमहोत्सवासाठी इंग्लंडचा संघ वानखेडेवर एकच कसोटी खेळायला आला होता. मी चोवीस वर्षांचा, फोर्टातल्या बँकेत नुकताच चिकटलेला. शुक्रवारी आपला डाव २४२ वर आटोपला. शनिवारी सूर्यग्रहण होतं, म्हणून विश्रांतीचा दिवस त्याच दिवशी ठेवलेला. सगळी मुंबई दारं-खिडक्या लावून घरात, आमची आई तर पाण्याच्या पिंपात तुळशीपत्र टाकून बसली होती. रविवारी मी डब्यात पुरी-भाजी घेऊन नॉर्थ स्टँडमध्ये हजर.

इंग्लंडचे पाच गडी ५८ वर गेले. स्टँडमध्ये नुसता दंगा! मग बॉथम आणि त्यांचा यष्टिरक्षक बॉब टेलर यांची जोडी जमायला लागली. अशात कपिलच्या चेंडूवर टेलरविरुद्ध मागे झेलाचं अपील झालं आणि अंपायर हनुमंत रावांचं बोट वर गेलं. आम्ही बाकांवर चढलो. टेलर घुटमळला. तेवढ्यात पहिल्या स्लिपमधून आपला कप्तान गुंडाप्पा विश्वनाथ निघाला. बुटकी मूर्ती, घाई नाही, हातवारे नाहीत. अंपायरशी काहीतरी बोलला, आणि टेलर पुन्हा क्रीजवर उभा!

तेव्हा मैदानात मोठा पडदा नव्हता, रिप्ले नव्हता. वरून काही कळेना. शेजारच्या काकांच्या कानाला ट्रान्झिस्टर होता, ते म्हणाले, "विशीनं परत बोलावलाय त्याला. बॅट लागलीच नव्हती म्हणतो." त्यावर मी जे बोललो ते या रजिस्टरात लिहिण्यासारखं नाही.

पुढे त्या जोडीनं १७१ धावांची भागीदारी केली. टेलर ४३, बॉथम ११४. बॉथमनं वर सामन्यात १३ बळी घेतले, दुसऱ्या डावात आपण १४९ मध्ये गारद झालो आणि दहा गड्यांनी हरलो, तेही एक दिवस बाकी असताना. चर्चगेटच्या गाडीत एकच विषय. "एवढं संत व्हायचं होतं तर कप्तानी कशाला घेतली?" हे वाक्य कोणाचं होतं आठवत नाही, माझंच असेल. विश्वनाथला कप्तानी मिळाली ती दोन कसोटींपुरती, त्यातली ही दुसरी. तिसरी मिळाली नाही.

आता खरी गंमत. पाच-सहा वर्षांनी बँकेच्या कँटीनमध्ये एक नवा पोरगा क्रिकेटच्या गप्पा मारत होता, आणि मी त्याला ही गोष्ट सांगायला लागलो. छाती फुगवून. "मी होतो तिथे, या डोळ्यांनी बघितलंय." सांगताना मी माझ्या शिव्या गाळल्या. पराभव एका वाक्यात उरकला. विशी स्लिपमधून चालत अंपायरकडे जातो तेवढाच भाग मी दोनदा सांगितला, उठून चालून दाखवला. त्या सामन्यात आपल्याकडून सगळ्यात जास्त धावा कोणी केल्या, हे मला आज विचारलंस तरी सांगता येणार नाही.

तेव्हा लक्षात आलं की प्रेक्षक त्या दिवशी मान देत नाही. त्या दिवशी त्याला जिंकायचं असतं, तिकिटाचे पैसे वसूल करायचे असतात. मान तो नंतर देतो, दुसऱ्या कोणाला सांगताना, आणि सांगताना काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे त्याचं तो ठरवतो. आपल्या हातात काही नसतं.

तू म्हणशील, विश्वनाथमुळे आपण हरलो त्याचं काय? हरलो ते बॉथममुळे. टेलर तेव्हाच गेला असता तरी त्या माणसाला त्या आठवड्यात कोण अडवणार होतं? पण समज, विशीमुळेच हरलो. तरी मी कँटीनमध्ये तीच गोष्ट तशीच सांगितली असती.

आणि तुझा दुसरा आक्षेपही मला ऐकू येतोय. आपण मुंबईचे. खडूस. चेंडूला बॅटची कड लागली तरी अंपायरकडे बघत उभं राहायचं, हे तुला मैदानावरच शिकवलं गेलं, आणि मीही त्या शिकवणीला विरोध केला नाही. निर्णय देणं हे अंपायरचं काम. मी स्वतः बावीस वर्षं पांढरा कोट घालून उभा राहिलो, चुकलोही भरपूर. बॅट्समन आपणहून गेला नाही म्हणून मी कधी कोणाबद्दल मनात अढी धरली नाही. पण जो गेला तो लक्षात राहिला, हेही खरं. २०११ च्या वर्ल्ड कपमध्ये चेन्नईला वेस्ट इंडिजविरुद्ध सचिन दोन धावांवर चालायला लागला, अंपायरचं बोट वर गेलेलं नसताना. आठच दिवसांपूर्वी नागपूरला त्याचं नव्व्याण्णवावं शतक झालेलं, सगळा देश शंभराव्याला टपलेला. आमच्या चाळीत टीव्हीसमोर एक क्षण शांतता, मग कोणीतरी म्हणालं, "लागली असणार. नाहीतर तो जाणार नाही." इतक्या वर्षांच्या खेळात लोकांनी त्याचा शब्द पुरावा म्हणून धरायला सुरुवात केली होती. ही कमाई स्कोअरबुकात कुठल्या रकान्यात लिहायची, मला कधी कळलं नाही.

आता फॉलोअर्सचं. पद्माकर शिवलकरांचं नाव तू ऐकलं असशील, पाहिलेलं नसणार. २०२५ च्या मार्चमध्ये गेले. डावखुरे फिरकी गोलंदाज, प्रथम श्रेणीत ५८९ बळी, आणि कसोटी एकही नाही. तसाच डावखुरा फिरकीवाला बेदी संघात होता, त्याच्या काळात जन्मले, बस्स. १९७३ ची रणजी फायनल मद्रासला झाली, तिथे पॅडींनी, म्हणजे शिवलकरांनी, पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ बळी घेतले. सामना तिसऱ्या दिवशी सकाळी सुरू होताच संपला. असा गोलंदाज भारताकडून खेळला नाही. दुसरा असता तर आयुष्यभर कडवट बोलला असता, आणि त्याला कोणी दोषही दिला नसता. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मी किती संध्याकाळी पाहिलंय, पॅडी समोरून आले की गप्पा थांबायच्या, पाय खाली यायचे, सिगारेट पाठीमागे जायची. त्यातल्या निम्म्या लोकांनी त्यांचा एक चेंडूही टाकलेला पाहिला नव्हता. त्यांच्या बापांनी पाहिला होता.

अमोल मुजुमदारचंही तसंच. तू रोज ज्या आझाद मैदानावर धुळीत लोळतोस, तिथेच १९८८ मध्ये सचिन आणि विनोद कांबळीनं ६६४ ची भागी केली, आणि पुढचा नंबर असलेला अमोल पॅड बांधून बसून राहिला. रणजी पदार्पणात २६०. प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून जास्त धावा. भारताची टोपी नाही. म्हणजे पॅड बांधून बसणं त्याच्या नशिबात लिहिलेलंच, असं आम्ही म्हणायचो. मग २ नोव्हेंबर २०२५, नवी मुंबई, डी. वाय. पाटील. मुलींनी वर्ल्ड कप जिंकला आणि हरमनप्रीत कोचच्या, म्हणजे अमोलच्या, पाया पडली. मी त्या रात्री एकटाच बसून पाहत होतो. बायको आतून म्हणाली, "रडताय की काय?" मी म्हटलं, मोतीबिंदू.

धैर्याबद्दलही लोक मान देतात, ते तुला मी सांगायला नको. कुंबळे अँटिग्वात जबडा बांधून १४ षटकं टाकून गेला आणि लाराला पायचीत केलं, ते चित्र घराघरात आहे. फक्त ते बघून तू उद्या दुखरा खांदा घेऊन बोलिंग करायला जाऊ नकोस, आधी डॉक्टर. मला त्यापेक्षा एकनाथ सोलकर जास्त जवळचा वाटतो. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा. मैदानाच्या कडेलाच खोली, तिथेच वाढला. हेल्मेटशिवाय फॉरवर्ड शॉर्टलेगला उभा राहायचा, बॅट्समनच्या श्वासाच्या अंतरावर, आणि २७ कसोटींत त्यानं ५३ झेल घेतले. ज्या जागी चेंडू लागतो आणि नाव मात्र बोलरचं होतं, त्या जागी तो आपणहून उभा राहायचा. आमची पिढी एक्कीचं नाव काढलं की आवाज खाली आणते. तुझ्या मैदानावरच्या माळ्याचं नाव तुला माहीत आहे का रे? रोलर ओढणाऱ्याचं? मागे मी विचारलं होतं तेव्हा तू "काका" म्हणालास. नाव विचारून घे.

एवढं सांगून मी तुला "मान मिळवायचा कसा" हे सांगितलेलं नाही, कारण त्याच्या मागे लागलं की ते नाटक होतं आणि नाटक मैदानावर लांबून दिसतं. पडलेल्या बॅट्समनची बुटाची नाडी बांधायला धावतात आणि एक डोळा मोबाइल धरलेल्या मित्राकडे असतो, असे तिघे-चौघे मला तुमच्याच वयाचे माहीत आहेत. विशीनं नाटक केलं नाही. त्याला माहीत होतं आणि न सांगता त्याला राहवलं नाही, इतकंच मला लांबून दिसलं.

आता रविवारचं.

मी आझाद मैदानात होतो. तुला दिसलो नसेन, शेजारच्या पिचच्या तंबूमागे सरबतवाल्याच्या बाकड्यावर बसलो होतो. त्या मैदानाचं तुला माहीत आहे, एका सामन्याचा कव्हर दुसऱ्या सामन्याच्या फाइनलेगला पाठ लावून उभा असतो, तेव्हा तू माझ्यापासून फार तर पन्नास पावलांवर होतास. ड्राइव्ह खाली राहिला, तू पुढे झेपावलास. चेंडू गवताला टेकला, मग तुझ्या बोटांत आला. हिरवा डाग तुझ्या उजव्या करंगळीच्या बाजूला होता आणि तू तो लगेच पँटला पुसलास.

अंपायरच्या समोर बोलर आला होता, त्याला दिसणं शक्यच नव्हतं. त्याचा दोष नाही, माझ्या बावीस वर्षांत असं पन्नास वेळा झालं. पण बॅटिंग करणाऱ्या त्या मुलानं अंपायरला विचारलंच नाही. त्यानं तुला विचारलं. "पकडलास ना?" आणि तू मान डोलावलीस. तो ग्लोव्हज काखेत धरून निघाला. सदतीसवर होता. कट मारायचा तेव्हा जरा जास्तच वाकायचा, पण हात छान होते.

तू उभा राहिला असतास, कड लागून, अंपायरवर सोडून, तर हे पत्र मी लिहिलं नसतं. ते खडूसपणात बसतं. इथे एका खेळाडूनं दुसऱ्याचा शब्द मागितला होता.

त्यानंतर तुम्ही जिंकलात, तुझ्या पाठीवर थापा पडल्या, कोणीतरी कॅचचा व्हिडिओही टाकला म्हणे. आणि रात्री साडेअकराला तुला हा प्रश्न पडला. मी काही मनकवडा नाही, पण कॉलेजातलं पोरगं रविवारी त्या वेळी रील्स बघत असतं, म्हाताऱ्या अंपायरला मानाबद्दल विचारत बसत नाही. म्हणून तुला फार काही बोलत नाही. निकाल आता बदलणार नाही, पॉइंट टेबल लिहून झालं.

त्या मुलाच्या क्लबचं नेट मंगळवारी आणि गुरुवारी क्रॉस मैदानावर असतं, चारला सुरू होतं. एकटा जा. कप्तानाला किंवा दोस्तांना बरोबर नेऊ नकोस, मोबाइल बॅगेत ठेव. तो पॅड काढून बसेपर्यंत थांब, बॅटिंगच्या मध्ये माणसाला असलं काही सांगू नये. "टप्पा पडला होता" एवढे तीन शब्द पुरे. पुढे तो काय म्हणेल ते उभ्यानं ऐकून घे. चार शिव्या देईल कदाचित. मीही दिल्या होत्या, विशीला, तेही त्याचं बरोबर असताना.

नंतर घरी येऊन जा. येताना माझा डावा लेगगार्ड आण, जूनपासून तुझ्याकडे आहे. वरचा पट्टा तुटलाय, तो मेट्रोच्या गल्लीतल्या चांभाराकडून आधी शिवून घे.

तुझा,
सर